सातवी खूण

नकाशा कचेरीत त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहिलं. तरुणपणी फळ्यावर पारदर्शक कागद टाचून जुने नकाशे हातानं गिरवायचं काम होतं, तेव्हा शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला चार टाचण्या खोचून ठेवायची सवय लागली. पुढे फळे गेले, दौती गेल्या, टेबलावर कॉम्प्युटर आले, पण कॉलरमधल्या टाचण्या काही गेल्या नाहीत. घरी ताई शर्ट भिजवण्याआधी कॉलर चाचपून बघायची आणि म्हणायची, "या माणसाच्या गळ्यात पडायची सोय नाही."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. काकांची बायको लवकर गेली. ताईचे यजमान, म्हणजे काकांचे भाऊजी, अकरा वर्षांपूर्वी गेले. दोन घरं रिकामी झाली तेव्हा दोघा भावंडांनी मिळून एक घर केलं. अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला ती अजून "धाकट्या" म्हणूनच हाक मारायची आणि भिंतीवरची खुंटी हलायला लागली की ऐकवायची, "नकाशात अख्खं गाव बसवतोस, घरातली एक खुंटी बसवता येत नाही."

नकाशा बसवणं हेच त्यांचं काम होतं. जुन्या कागदी नकाशाचं स्कॅन केलं की कॉम्प्युटरवर नुसतं चित्र येतं. ते चित्र जमिनीवर नेमकं कुठं लागू होतं, हे त्या चित्राला ठाऊक नसतं. मग कागदावरही आहे आणि आज जमिनीवरही उभी आहे अशी एखादी पक्की वस्तू शोधायची. इमारतीचा कोपरा असेल, धुराडं असेल, हद्दीचा दगड असेल. चित्रावर तिथं एक क्लिक, उपग्रहाच्या फोटोवर त्याच जागी दुसरं क्लिक. याला कंट्रोल पॉइंट म्हणतात, कचेरीत नुसतं "खूण" म्हणत. पुरेशा खुणा दिल्या की कॉम्प्युटर कागद फिरवून, ताणून जागेवर बसवतो आणि बाजूच्या चौकटीत आकडा दाखवतो. एवढे मीटर चूक. आकडा जितका लहान तितका नकाशा चांगला बसला, असं कचेरीत सगळेच धरून चालत.

नऊ वर्षांपूर्वी काकांच्या टेबलावर एकेचाळीस नंबरची शीट आली. त्या शीटची ते वाटच पाहत होते. ओढा, त्याच्या एका काठाला सरकारी दवाखाना आणि दुसऱ्या काठाला ठिपक्यांनी आखलेला एक लहानसा चौकोन. चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलेलं, "साथीतील बालके".

ताईची छकुली त्या चौकोनात होती.

ताई लग्न होऊन याच गावी आली होती. बाविसाव्या वर्षी मुलगी झाली. मूल अकरा महिन्यांचं असताना तापाची साथ आली आणि मायलेकी दोघींना एकाच दिवशी दवाखान्यात नेलं. छकुली चौथ्या दिवशी गेली. ताई तेव्हा शुद्धीवर नव्हती. दवाखान्यानं त्या महिन्यात दगावलेली सगळी लहान मुलं ओढ्यापलीकडच्या जागेत पुरली, आणि भाऊजी तेवढे सोबत गेले. ताईला बरं वाटायला दोन महिने लागले. वॉर्डातल्या शेवटच्या खिडकीशी तिची खाट होती. भाऊजींनी तिला एवढंच सांगितलं होतं की खिडकीतून नाकासमोर बघ, पलीकडच्या काठावर, तिथंच आहे ती. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी तिला एकदा तिथं नेलं. सगळे मातीचे ढीग सारखेच. थोड्याच दिवसांत भाऊजींनी बदली मागून घेतली आणि ती दोघं गाव सोडून गेली. दुसरं मूल झालं नाही. पुढच्या वर्षी मोठा पूर येऊन सगळ्या काठावर गाळ बसला, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. काका तेव्हा दहा वर्षांचे, दूर आईवडिलांकडे होते. या गावात ते नोकरीनिमित्त फार उशिरा आले, आणि ताई आली ती भाऊजी गेल्यावर. तोवर ओढ्याच्या काठी एक बाग झाली होती आणि बागेच्या खालच्या अंगाला बसगाड्या धुवायचं आवार. तिनं काठावरून दोनचार फेऱ्या मारल्या आणि एके दिवशी भावाला विचारलं, "तुझ्या कागदांत सापडेल का रे?"

तेव्हा एकेचाळीस नंबर टेबलावर आला तसं काकांनी दुसरं कामच हातात घेतलं नाही. डोळ्यांत तेल घालून खुणा शोधल्या. कचेरीचा कोपरा, गिरणीचं धुराडं, शाळेची विहीर, हद्दीचे दोन दगड आणि दगडी पुलाचं टोक. दवाखान्याला मागून बऱ्याच खोल्या जोडल्या होत्या म्हणून त्याचा कोपरा त्यांनी धरला नाही. सहा खुणा झाल्या. आकडा आला बारा मीटर.

बारा मीटर म्हणजे नाक कापल्यासारखं. काकांनी प्रत्येक खूण दहादा तपासली. मग त्यांना आठवलं की कॉम्प्युटरला कागद नुसता फिरवू-ताणू न देता हवा तसा वाकवायचीही परवानगी देता येते. तेवढी एक ओळ बदलली आणि चौकटीत आकडा आला शून्य. अगदी नुसतं शून्य. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढचे काही महिने त्यांना टाचणीकाका सोडून शून्यकाका म्हणत होते. बसवलेल्या नकाशात दवाखान्याची जुनी इमारत फोटोतल्या इमारतीच्या थोडी पुढे सरकलेली दिसत होती, पण ती पुढे वाढवली-घटवली असणार असं म्हणून त्यांनी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी ते ताईला बागेत घेऊन गेले. ठिपक्यांचा चौकोन बागेच्या कोपऱ्यात येत होता आणि योगायोगानं तिथं एक सिमेंटचं बाक होतं. ताई बाकावर बसली. बराच वेळ समोर ओढ्यापलीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "धाकट्या, ती शेवटची खिडकी इथून समोर यायला हवी. ही तर तिरपी दिसते."

काका हसले. म्हणाले, "ताई, माणसाची आठवण चुकते. नकाशा शून्याला बसलाय."

ताईनं पुन्हा काही विचारलं नाही. पण त्यानंतर नऊ वर्षं एक गुरुवार चुकला नाही. दुपारी चार वाजता पिशवीत एक धुतलेलं फडकं घेऊन निघायची, बाक पुसायची आणि तासभर बसायची. माळ्याशी ओळख काढून तिनं बाकाशेजारी पांढऱ्या फुलांचं एक झुडूप लावून घेतलं होतं. गुडघे बोलायला लागले तशी काठी घेतली. काका म्हणाले की आता पंधरवड्यातून एकदा जात जा, तर म्हणाली, अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्यासाठी एवढंच करायला मिळतंय, त्यातही काटछाट कशाला.

काकांना निवृत्त व्हायला चार महिने राहिले असताना एका मंगळवारी बांधकाम विभागाचा इंजिनिअर त्यांच्याकडे आला. बसगाड्यांच्या आवारात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी होणार होती. पुरलेली मुलं बागेत आहेत, आवार मोकळं आहे, असं एकेचाळीस नंबर सांगत होता, म्हणून तर ती जागा मंजूर झाली होती. सोमवारी खोदायचं यंत्र येणार होतं. त्याआधी माती तपासायला खड्डा घेतला तर आत घडीव दगडांचं बांधकाम लागलं. इंजिनिअरनं फोनवर फोटो दाखवला.

"काका, तुमच्या शीटवर इथं काहीच नाही."

काकांनी म्हटलं, असेल एखादी जुनी भिंत. इंजिनिअर म्हणाला की भिंत नव्हे ती, कमानीची बैठक आहे. कुणी ओसाड जागी उगाच कमान बांधत नाही.

काका त्याच पावली जागेवर गेले. खड्ड्यात दगड ओढ्याकडे तोंड करून, एका रेषेत बसवलेले होते. आवाराचा म्हातारा पहारेकरी विडी ओढत बाजूला उभा होता. काकांनी विचारण्याआधीच तो म्हणाला की हा जुना पूल. पुरात वाहून गेला. खाली पडलेले दगड गोळा करून त्याच दगडांचा नवा पूल वरच्या अंगाला बांधला, तो आता तुम्ही बघता. माझा बाप होता त्या कामावर. मग काकांच्या हातातल्या नकाशाकडे बघून त्यानं विचारलं, "का, सरकारला माहीत नव्हतं होय?"

काकांनी फीत मागवली. जुन्या बैठकीपासून आजच्या पुलाच्या टोकापर्यंत त्रेचाळीस मीटर भरले.

शीट साथीनंतरची, पण पुराआधीची होती. दोन्ही पूल त्याच दगडांचे. शीटवर "दगडी पूल", जमिनीवर दगडी पूल, आणि दगड इतके जुने की कुणालाही तो पूल शंभर वर्षांचा वाटावा. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं उभ्या उभ्या सांगितलं असतं. काकांना विचारावंसं वाटलंच नव्हतं.

कचेरीत परत येऊन त्यांनी खणाच्या तळातून प्रशिक्षणाची वही काढली. कॉम्प्युटर आले तेव्हाच्या आठ दिवसांच्या वर्गाची ती वही. चौथ्या दिवसाच्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, "कागद वाकवायचा तर किमान सहा खुणा लागतात. सहाच असतील तर कागद सहाही खुणांवरून जाईल एवढा वाकतो, खूण चुकीची असली तरी. म्हणून चूक नेहमी शून्यच दिसते, त्या शून्याला अर्थ नाही. पडताळ्यासाठी सातवी खूण घ्यावी."

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. पुलाची एक खूण चुकली होती आणि बाकीच्या पाच खुणांनी बारा मीटरची हाकाटी करून ते सांगितलंही होतं. त्यांनी कागद वाकवून त्यांचं तोंड बंद केलं होतं. आणि सातवी खूण कुठं नव्हती असंही नाही. ती बाकावर बसून खिडकी तिरपी दिसते म्हणाली होती.

बुधवारी त्यांनी शीट नव्यानं बसवली. पुलाची जुनी खूण पुसली, खड्ड्यातली बैठक धरली, दवाखान्याच्या जुन्या वॉर्डाचे दोन कोपरे धरले. आठ झाल्या तरी समाधान होईना म्हणून एक हद्दीचा दगड स्वतः चालत जाऊन शोधला. नऊ खुणा, कागद न वाकवता, चूक एक मीटर. दवाखान्याची जुनी इमारत फोटोतल्या इमारतीवर नेमकी जाऊन बसली. आणि ठिपक्यांचा चौकोन बागेतून निघून गाड्या धुवायच्या आवारात आला. अर्धा फरशीखाली, अर्धा टाकीच्या जागेत.

शीट मागे घ्यायचा एक छापील फॉर्म असतो. काकांनी तो भरला, सही केली आणि खणात ठेवून दिला. मूग गिळून बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. इंजिनिअरला फक्त दगडांचा खुलासा हवा होता, तो चार ओळींत देता आला असता. ताई दर गुरुवारी बाकावर बसली असती, झुडपाला फुलं आली असती. आणि सोमवारी यंत्रानं अकरा महिन्यांच्या मुलीला मातीबरोबर उचलून ट्रकात टाकलं असतं. फॉर्म पुढे दिला तर यंत्र थांबणार, नातेवाइकांसाठी पेपरात सूचना येणार. ताई पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. एक दिवस पेपर लपवून ठेवावा, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी जेवताना ताईनं विचारलं की भाजीत मीठ नाही, तरी तू काही बोलला नाहीस, बरं नाही का. काका म्हणाले, मीठ बरोबर आहे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आज मी मीठ घालायलाच विसरले, असं म्हणून तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली.

गुरुवारी सकाळी त्यांनी फॉर्म साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले की चार महिने राहिलेत काका, हे हात दाखवून अवलक्षण कशाला. काकांनी खोदकामाची तारीख सांगितली. साहेबांनी शिक्का मारला आणि बांधकाम विभागाला फोन लावला.

चार वाजता काका बागेत पोचले. ताईचं बाक पुसून झालं होतं. भावाला अवेळी आलेला पाहून तिनं सरकून जागा दिली आणि म्हणाली की आज कचेरीनं कसं सोडलं, तुझ्या टाचण्या बोथट झाल्या वाटतं. काका बसले. कसं सांगायचं ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. खड्डा, बैठक, पूर, त्रेचाळीस मीटर. ते सगळं त्यांनी त्याच क्रमानं सांगितलं, एखादी टिपणी वाचावी तसं.

सांगून झाल्यावर तिनं बाकावर आपल्या शेजारी हात टेकवला.

"मग इथं कोण आहे?"

"इथं कुणी नाही, ताई."

झुडपाशी माळी पाणी घालत होता. त्यानं आजींना हात केला, ताईनंही केला. मग ती म्हणाली, "खिडकीचं मी म्हणाले होते."

"हो."

"तू हसला होतास."

"हो."

यापुढे ती रागावेल, निदान रडेल, असं काकांना वाटत होतं. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. तिनं फडक्याची घडी केली, पिशवीत टाकली आणि काठी घेऊन उठली. म्हणाली, ने मला तिकडे.

आवार फार लांब नव्हतं, पण ताईला पंधरा मिनिटं लागली. पत्र्याचं कुंपण लावून झालं होतं. पहारेकऱ्यानं काकांना ओळखून एक पत्रा सरकवला. आत एक बस उभी होती आणि नळीनं तिची चाकं धुणं चाललं होतं. काळं पाणी फरशीवरून ओढ्याकडे जात होतं. काकांनी सकाळी चुन्यानं चौकोन आखून घेतला होता. ताई त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं मान वर केली. ओढ्यापलीकडे जुन्या वॉर्डाची शेवटची खिडकी अगदी समोर होती. तिचं एक तावदान उघडं होतं आणि आत कुणीतरी चादर झटकत होतं.

ताईनं चुन्याच्या रेघेच्या आत पाऊल टाकलं नाही. काळं पाणी तिच्या चपलेपर्यंत आलं तेव्हा काकांनी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"नऊ वर्षं ती एकटी होती," ती म्हणाली, "आणि मी तिकडे बसून होते."

बसचा ड्रायव्हर गाडी मागे घ्यायची म्हणून खोळंबला होता. पहारेकरी त्याला थांब म्हणून खुणावत होता. शेवटी ताईच बाजूला झाली.

त्यानंतरचं सगळं रीतसर झालं. पेपरात सूचना आली. ठरल्या दिवशी यंत्राऐवजी माणसांनी लहान फावड्यांनी माती काढली. सात घरांतली माणसं आली होती, बहुतेक म्हातारी. कोण कुणाचं हे ओळखता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे मिळालं ते एका लाकडी पेटीत ठेवून गावाबाहेरच्या मोठ्या दफनभूमीत नेलं आणि वर एक दगड बसवला. त्या जागेचं माप काकांनीच घेतलं. नवी शीट साहेबांच्या सहीनं लागली, जुन्या शीटवर लाल शिक्का बसला. कचेरीत कुणी काकांना काही बोललं नाही. शून्यकाका हे नाव मात्र चेष्टेतसुद्धा पुन्हा कुणी घेतलं नाही.

घरात ताई पूर्वीसारखीच वागत होती. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. शर्ट भिजवताना कॉलरमधल्या टाचण्या काढून बशीत ठेवायची, पण त्यावर काही बोलायची नाही. गुरुवारी चार वाजले की हातातलं काम थांबायचं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि थोड्या वेळानं परत आत जायची. बागेत ती पुन्हा गेली नाही. माळ्यानं एकदा रस्त्यात काकांना गाठून विचारलं की आजी आजारी आहेत का, झुडपाला कळ्या आल्यात. काकांनी मान हलवली. हो की नाही ते माळ्याला कळलं नसावं.

दफनभूमीला जायला दोन बस बदलाव्या लागत आणि ताईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. तरी काकांच्या निवृत्तीच्या आदल्या गुरुवारी ती म्हणाली, चल. दोन्ही बसमध्ये तिनं खिडकीकडची जागा घेतली आणि बाहेर बघत राहिली. दफनभूमीत रांगा ओलांडून दगडापाशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. दगडावर साथीचं वर्ष होतं आणि खाली "बालके". काकांनी घरून आणलेली घडीची खुर्ची उघडून दिली. ती बसली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "धाकट्या, हे तरी नक्की ना?"

काकांनी तोंड उघडलं. "ताई, इथं मी नऊ खुणा घेतल्यात. आकडा एका हाताच्या आत..."

"खुणा नाही विचारल्या मी."

हो म्हणायला काय लागत होतं. पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर खाली उतरली होती, दगड त्यांच्यासमोर बसला होता. पण पेटीत सगळं आलं होतं का, फरशीच्या त्या कडेला फावडं पुरेसं खोल गेलं होतं का, ते त्यांना माहीत नव्हतं. आणि न पडताळलेलं "हो" त्यांनी या बहिणीला एकदा देऊन झालं होतं. त्यांचा हात उगाच कॉलरकडे गेला. टाचण्या त्यांनी सकाळीच काढून ठेवल्या होत्या.

"नक्की सांगता येत नाही, ताई," ते म्हणाले.

ताईनं मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. दगडावर धूळ होती. पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि पिशवीत फडकं होतं, सकाळी धुऊन, वाळवून, घडी घातलेलं. ते तिनं काढलं नाही. परतीच्या बसची वेळ होईपर्यंत ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.